शिंदीखान्यातलं बिऱ्हाड

मी चौथीपर्यंत शिकलो ते शिंदीखान्यात. आजकालची पोरं हे ऐकून हसतात. हसू देत. आमच्या वेळी कुणी हसत नव्हतं, कारण सगळा गाव तिथंच शिकला.

शिंदीखाना म्हणजे निजामाच्या राज्यात शिंदी, म्हणजे ताडीसारखी दारू, विकायची जागा. आमच्या ओढ्याला तेव्हा दोन्ही अंगानं शिंदीची झाडं होती. झाडाला मडकी बांधायची, सकाळी उतरवून आणायची आणि इथं रांजणात ओतायची. विकायचा हक्क सरकारकडून घेतलेला एक गुत्तेदार होता. त्याचं तोंड मला आठवत नाही, कमरेची चावी आठवते. इमारत त्यानं बांधली की त्याच्या आधी कुणी, ठाऊक नाही, पण बांधणाऱ्यानं मजबूत बांधली. काळ्या दगडाच्या भिंती, वर माळवद, पुढं छातीइतका उंच ओटा, ओट्याला पायऱ्या आणि आत दोन लांब खोल्या. खोल्यांच्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण. शिंदी गार राहावी म्हणून पुरले होते.

निजामाविरुद्ध गडबड सुरू झाली तेव्हा गावातल्या तरण्या पोरांनी ओढ्याची सगळी झाडं तोडली. पुढं पोलीस ॲक्शन झालं, गुत्तेदार कुठं गेला कुणालाच कळलं नाही, इमारत रिकामी पडली. मग तिथं शाळा भरली. रांजणांवर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर आम्ही बसायचो. पावसाळी हवा पडली की खालून आंबूस वास यायचा आणि गुरुजी उदबत्ती लावायचे. त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'प्राथमिक शाळा' लिहिलं होतं. पण आई मला शोधत आली की शेजारीण सांगायची, "शिंदीखान्यात गेलाय त्यो." कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या गावाची खोडच ती. जागेला एकदा नाव चिकटलं की निघत नाही. बाजारातला पिंपळ पडून कितीतरी पावसाळे झाले, तरी आम्ही अजून पिंपळाखालीच भाजी घेतो.

शाळा रस्त्याकडंच्या नव्या खोल्यांत गेली. शिंदीखान्यात सरकारनं लेव्हीत घेतलेली ज्वारी आली. मोठ्या दुष्काळात सुकडीची, सरकारनं वाटायला धाडलेल्या खाऊच्या पिठाची, पोती आली. मग काही काळ उंदीर. आणि मग नामांतराच्या गडबडीचं साल आलं. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात काही जळालं नाही, शेजारच्या गावी वस्ती जळाली. कुणाची ते सांगायला नको. जाळणारे बाहेरून आले होते असं अजून म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. बाहेरच्याला कुणाचं घर कुठलं ते कसं कळणार?

तेव्हा शिंदीखान्यात आधी पोलिसांची तुकडी उतरली. पोलीस गेले आणि त्या जळालेल्या वस्तीतली काही कुटुंबं तिथं येऊन राहिली, आपल्या घरांवर नवे पत्रे पडेपर्यंत. माझी बायको त्यांना पीठ देऊन यायची. मला विचारलं नाही तिनं. मी विचारलं तर म्हणाली, "तुमाला इचारून भूक लागती का त्यांला?" जायच्या दिवशी त्यातल्या एका बाईनं दोन्ही खोल्या शेणानं सारवल्या, उंबरा धुतला आणि मग गाडीत बसली. बायको घरी येऊन चुलीपुढं बसली. मग म्हणाली, "आपलं घर जळलेलं आसताना दुसऱ्याचं सारवून गेली. मला न्हाई जमलं आसतं."

पुढच्या पावसाळ्यात आमचंच घर पडलं. मातीची भिंत भिजून बसली, वरची लाकडं खाली आली. माणसं वाचली. पंचायतीनं शिंदीखान्याची एक खोली तात्पुरती दिली. तात्पुरती म्हणजे किती दिवस ते सरपंचानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. भावकीत कुजबुज झाली की तिथं ते लोक राहून गेलेत. बायकोनं भर बाजारात विचारलं, "मग? भिताडाला चिकटून बसलेत का ते? दाखवा, उपटून टाकते." त्यानंतर आमच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही.

असं आमचं बिऱ्हाड शिंदीखान्यात लागलं. एका रांजणात बायकोनं ज्वारी भरली, एकात राख, एकात मी शेतीची अवजारं उभी केली. एक पोरीनं मागून घेतला आणि त्यात आपले कपडे ठेवले. पाहुणे यायचे ते पेटी शोधायचे आणि पोरगी जमिनीतून लुगडं काढायची.

दुसऱ्या खोलीत बालवाडी आली. बायकोला तिथंच मदतनीस म्हणून घेतलं. झाडणं, पाणी भरणं, घरोघर जाऊन लेकरं गोळा करणं आणि सुकडी रांधणं. दिवाळीनंतर निम्मा गाव ऊसतोडीला जायचा. लेकरं आज्यांपाशी ठेवून जायचा, आणि आज्यांना काही ती आवरायची नाहीत. ती दिवसभर आमच्याकडंच. कुणी ओट्यावर निजलेलं, कुणी रांजणाच्या काठावर बसून रडणारं. पोरगी सातवी झाली तशी आईच्या हाताखाली आली. सकाळी ती वाटप करायची. एक मूठ प्रत्येकाच्या हातावर, रांगेनं.

माझी बायको मागच्या पौषात गेली. ही पुढची हकीकत तिची आहे. ती सांगायची तेव्हा ऐकणारे पोट धरून हसायचे. मला तिच्यासारखं सांगता येत नाही. पण आता सांगायला मीच उरलो, तेव्हा जमेल तसं.

पोरीचं लग्न जमत नव्हतं. पोरीत खोट नव्हती. खोट ही की आम्हाला घर नव्हतं. पाहुणे यायचे, ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे, वर माळवदाकडं बघायचे आणि विचारायचे, "हे पंचायतीचं न्हाई का?" मग गावी जाऊन कळवतो म्हणायचे. कळवत कुणी नव्हतं. पोरीच्या बरोबरीच्या पोरी दोन-दोन लेकरं घेऊन बाळंतपणाला माहेरी यायल्या होत्या. ती त्यांची लेकरं खेळवायची.

मग एक जागा आली ती आपल्या पायानं आली. गंगाखेडच्या अंगाला एक गाव आहे, तिथला मुलगा. त्यानं पोरीला आमच्या गावच्या बाजारात पाहिलं होतं, आणि स्वतः माझ्या मेहुण्याकडं निरोप धाडला. घर माळकऱ्यांचं, थोडी जमीन, दोन बैल. पोरीनंही त्याला पाहिलं होतं की काय, मला माहीत नाही. बायकोला माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "ही जागा सोडायची न्हाई. पोरगी चार दिस झाले गाणं म्हणायली."

ठरल्या दिवशी मुलाचे वडील एकटेच येणार होते, आधी घर बघायला. बायकोनं मुरमुऱ्याचा सुशीला केला, शेंगदाणे सढळ हातानं घातले. मी धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसलो. सकाळची एस.टी. आली, गेली. कुणी उतरून आलं नाही. दुपारची आली, गेली. सुशीला लोळागोळा झाला. तो आम्ही बालवाडीच्या लेकरांना वाटला. पोरीनं अंगावरचं नवं लुगडं सोडून परत रांजणात ठेवलं.

आठवड्यानं माझा मेहुणा आला. पायऱ्या चढता चढताच म्हणाला, "दाजी, तुमी दारू इकायलाव का?"

मी म्हणालो, "शुद्धीवर हाईस का?"

"मी हाय. पण पावनं म्हणायलेत, शिंदी गाळणाऱ्याच्या घरची पोरगी करायची न्हाई. आन् पोरगी सोता वाटती म्हणं."

मग त्यानं सगळं सांगितलं. मुलाचे वडील सकाळच्या एस.टी.नं आले होते. फाट्यावर उतरले, हॉटेलात चहा सांगितला आणि हॉटेलवाल्याला आमचं घर विचारलं. पुढं काय झालं ते मी नंतर हॉटेलवाल्याच्या तोंडूनच ऐकलं. तो तर वर मलाच विचारत होता, "मी काय खोटं सांगितलं?"

खरंच, एक शब्द खोटा नव्हता.

पाहुणे म्हणाले, "त्यांचं घर कुठं आलं?"

"घर न्हाई त्यांला. शिंदीखान्यात ऱ्हातेत."

"शिंदीखान्यात? आजून चालू हाय?"

"चालू म्हंजे? लय जोरात. बायको सकाळी उघडती, पोरगी वाटप करती. बगायचं तर आत्ताच जावा, आता गर्दी आसंल."

"कोण कोण येतंय?"

"सगळ्या जातीचे येतेत. एका रांगंत बसतेत. कुणी रडतंय, कुणी लोळतंय. दोघं-तिघं तर तिथंच निजतेत. आया येतेत मग न्यायला."

"आन् पोरीचा बाप?"

"त्यो ओट्यावर पडून आसतो."

हे शेवटचं तेवढं जरा जास्तीचं होतं. मी रानातून आल्यावर घटकाभर टेकायचो. पण पाहुण्यांनी ते ऐकलं, अर्धा चहा तसाच ठेवला, गळ्यातल्या माळेला हात लावला आणि परतीची एस.टी. धरली.

मेहुण्याचं सांगून संपलं तशी बायको हसायला लागली. भिंतीला टेकून हसली, डोळ्यांतून पाणी काढून हसली. मी पण हसलो. मग दाराशी पोरगी उभी दिसली. ती हसत नव्हती. बायकोचं हसू तिथंच थांबलं.

मेहुण्यानं तोड काढली. "ताई, आपण आसं करू. पावन्यांला माझ्या घरी बोलवू. पोरगी तिथंच दाखवू. शिंदीखान्याचं नावच काढायचं न्हाई."

"आन् पोरगी नांदाया गेल्यावर कुणी इचारलं, कुठली गं तू, तर?"

"तवाचं तवा."

"न्हाई," बायको म्हणाली. "म्हंजे जन्मभर तिनं खोटं बोलायचं. मी जाते त्यांच्या घरी."

पोरीच्या आईनं सोयरीक ठरायच्या आधी मुलाच्या दारात जायची आमच्यात रीत नाही. मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी एस.टी.त पण सांगत होतो. ती खिडकीतून उसाच्या गाड्या बघत बसली होती. शेवटी म्हणाली, "रीत धरून तुमी ओट्यावर पडा. हाटेलवाल्यानं सांगितलंच हाय." पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. बायकोच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. त्यात काय आहे हे मला पण सांगितलं नव्हतं.

मुलाचे वडील दारात अंबाडीची दोरी वळत बसले होते. आम्ही कोण ते सांगितलं तरी दोरीवरची नजर काढली नाही. "या," म्हणाले, "बसा" म्हणाले नाहीत. पाणी तर कुणी आणलंच नाही. मला वाटलं, मागच्या मागं फिरावं. बायको मात्र न सांगताच पायरीवर बसली, गाठोडं सोडलं आणि त्यांच्यापुढं सरकवलं.

"हे घ्या. माझी पोरगी हे वाटती."

त्यांनी आधी लांबूनच वास घेतला. मग थोडं पुढं वाकून घेतला.

"ही तर सुकडी हाय."

"मग? तुमाला काय वाटलं?"

"ही कुणाला वाटती?"

"बालवाडीच्या लेकरांला. रडणारे, लोळणारे, निजणारे तेच. आया येतेत न्यायला त्या त्यांच्याच."

त्यांचे हात दोरीवर थांबले. "पण त्यो माणूस शिंदीखाना म्हणला."

"नाव हाय ते जागंचं. तुमच्या गावात गढी हाय न्हवं? कोण ऱ्हातंय तिथं?"

"कुणी न्हाई. गाढवं बसतेत."

"मग गाढवाला देशमुख म्हणताव का?"

मिशीत का होईना, ते हसले. चिमूटभर सुकडी उचलून तोंडात टाकली. आतल्या बाजूला वळून म्हणाले, "पाणी आणा रे." मला जरा हायसं वाटलं. पण पाणी पिऊन होतंय तोवर ते परत गंभीर झाले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, माझं मन मानलं. पण माझ्या मायपुढं ह्या जागंचं नाव काढता येत न्हाई. तिनं आयकलं तर—"

"आयकलं की," आतून आवाज आला. "भिताडाआड बसलेय, मेले न्हाई."

दारात त्यांची आई येऊन उभी राहिली. मुलाची आजी. वाळकी, उंच बाई, कपाळ मोकळं, हातात काठी. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही, बायकोकडं पाहिलं. आम्हाला वाटलं आता पोरीचं विचारील. तिनं विचारलं, "पायऱ्या हायेत का आजून?"

"हायेत, मावशी."

"आन् रांजण?"

"ते बी हायेत. एकात जवारी हाय, एकात राख."

"राख," म्हातारी म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

मग तिनं सांगितलं ते थोडक्यातच. तिचा नवरा बाजाराच्या दिवशी आमच्या गावाला यायचा. कधी धान्य विकायला, कधी बैलाला नाल ठोकायला. काम व्हायचं की शिंदीखान्यात बसायचा, आणि बाजार उठला तरी उठायचा नाही. ही लेकरू काखेत घेऊन चालत यायची त्याला न्यायला. ते लेकरू म्हणजे हे दोरी वळणारे. नवरा तसाच पिऊन पिऊन गेला. त्याच्या बाराव्याला हिनं पोराच्या गळ्यात माळ घातली. त्याला धड बोलताही येत नव्हतं.

"तिथली पोरगी माझ्या घरात," म्हातारी म्हणाली, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी बायकोला उठायची खूण केली. ती म्हणाली, "मावशी, मी तुमाला बळजबरी करत न्हाई. पण माझ्या पोरीनं तिथं काय केलं ते तुमी बगा. मग न्हाई म्हणा. न बगता न्हाई म्हणलात तर मला लागंल."

म्हातारीनं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आम्ही संध्याकाळच्या एस.टी.नं परत आलो. त्या दिवसांत पोरगी सुकडीत दोनदा मीठ घालून बसली.

बाजाराच्या दिवशी सकाळी शिंदीखान्यापुढं बैलगाडी येऊन थांबली. लेकानं आईला हात धरून उतरवलं. म्हातारी पायऱ्यांपाशी आली आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसली. बायको धावत गेली, "वर या मावशी, सतरंजी टाकलीय."

"थांब जरा. मी ह्याच्या वर कधी आले न्हाई. बाईमाणसानं वर यायचं न्हाई म्हणायचा गुत्तेदार. मी हितं उभी ऱ्हाऊन हाका मारायची. ह्याला भूक लागायची, हा रडायचा. वर सगळे हसायचे."

लेक जवळच उभा होता. त्यानं विचारलं, "मग बाबा यायचे का?"

"त्यो बी हसायचा. 'कोण हाय ती बाई?' म्हणून बाकीच्यांला इचारायचा."

हे त्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असणार. तो बैलांकडं जाऊन उगीच जू नीट करायला लागला. आत लेकरं पाढे म्हणत होती, दोनाचा चाललेला, आणि एक बारकं मधेच चाराच्या पाढ्यात शिरलं होतं.

पोरगी बाहेर आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं पण खूण केली नव्हती, मी बघत होतो. ती पायऱ्या उतरून खाली आली, म्हातारीपुढं हात केला आणि म्हणाली, "आजी, वाटपाची येळ झालीय. लेकरं थांबत न्हाईत. चला."

म्हातारीनं तिच्याकडं खालून वर पाहिलं. मग हात धरला आणि उठली. एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढली. ओट्यावर आल्यावर जरा थांबून खाली पायऱ्यांकडं बघितलं, जिथं ती उभी राहायची तिथं. मग आत गेली.

आत लेकरांची रांग बसली होती. त्यात आमच्या भावकीतली होती, खालच्या आळीतली होती, ऊसतोडीला गेलेल्यांची होती. म्हातारीनं खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यातल्या एका रांजणापाशी गेली. त्याच्यावर फळी होती आणि फळीवर एक पोरगी बाहुलीला निजवत बसली होती. म्हातारी त्या पोरीला म्हणाली, "सरक गं माय," आणि तिच्या शेजारी फळीवर बसली. रांगेत आमची पोरगी वाटत वाटत तिच्यापर्यंत आली. बाकीच्यांच्या हातावर जशी एक मूठ, तशीच तिच्या हातावर ठेवली आणि पुढं गेली. ताटली आणली नाही, पदर सावरला नाही. मला वाटलं, आता काही खरं नाही. बायकोनं माझा दंड धरून ठेवला होता.

म्हातारीनं सुकडी खाल्ली. दात नव्हते, वेळ लागला. हात झटकला, शेजारच्या लेकराच्या डोक्यावरून फिरवला, आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या आपल्या लेकाला म्हणाली,

"मी हितून माणूस घरी न्यायला लय बाऱ्या आले. दर बारीला रिकाम्या हातानं गेले. ह्या बारीला रिकामी जाणार न्हाई, सांगून ठेवते."

लेकानं मान हलवली. पोरगी सुकडीचं भांडं घेऊन तशीच उभी होती, आणि लेकरं तिचा पदर ओढून अजून मागत होती.

शेवटी बायकोच बोलली. कमरेवर हात ठेवून, बाजारात बोलायची तशी. "मावशी, न्या की. पण आजच्या आज न्हाई. हळद तर लागू द्या पोरीला. आन् आदी हे भांडं घासून घेऊ द्या, न्हाई तर मला घासावं लागंल."

म्हातारी एवढी हसली की तिला परत फळीवर बसावं लागलं. लेकरं का हसायची ते न कळताच हसायला लागली. पोरीनं भांडं उचललं आणि पाठीमागच्या दारानं बाहेर गेली. बराच वेळ ती आली नाही. घासायचा आवाज पण आला नाही. बायको तिला बघायला निघाली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "रडायली. रडू द्या. मन भरून रडू द्या तिला."

मग तिनं पाहुण्यांसाठी चुलीवर चहा ठेवला.